पेंटर खिडकी सोडून रंगवायचा

यंदा मे महिन्यात आमच्या घरात सकाळी नऊ वाजता ट्यूबलाइट लावावा लागत होता. बाहेर डोळे उघडवत नाही असं ऊन आणि आत तांदूळ निवडायला उजेड नाही, हे फोनवर सांगितलं तर आईला वाटलं लाइन गेली असेल. लाइन होती, खिडकी गेली होती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यवतमाळ जिल्ह्यातलं एक बाजाराचं गाव आहे, नागपूर-तुळजापूर हायवेवरून थोडं आत (नाव लिहत नाही, राहायचं अजून तिथंच आहे). फाट्यावर तीन मजली बिल्डिंग, खाली कृषी केंद्र, मोबाईल रिपेअरिंग आणि झेरॉक्स, मधल्या मजल्यावर घरमालक काकाजी स्वतः, आणि सगळ्यात वर आम्ही तीन किरायदार. एक मी, एक बँकेतले सर, एक उपकेंद्रातल्या सिस्टर. तिघंही बदलीवाले. फेब्रुवारीत एक दिवस शाळेतून आले तर समोरच्या भिंतीला लोखंडी अँगलची फ्रेम ठोकणं चालू होतं, मला वाटलं काकाजी टिनाचं शेड काढून राहिले असतील. आठ दिवसांनी त्यावर फ्लेक्स चढला. 40 फूट रुंद आणि 20 फूट उंच. खालचे 10 फूट म्हणजे आमचा अख्खा मजला, वरचे 10 फूट स्लॅबच्या वर आभाळात. काकाजींचा मजला बरोबर मोजून सुटला होता.

आम्हाला कोणी विचारलं का, तर नाही. विचारायचं असतं हेच कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी माझ्याही डोक्यात आलं नाही. मालकाची बिल्डिंग, मालकाची भिंत, आपण कोण बोलणार, असंच वाटलं. मग मार्च लागला.

आता ज्यानं विदर्भातला उन्हाळा काढला नाही त्याला इथून पुढचं समजणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहते. आमच्याकडे एसी हे मोठ्या लोकांचं काम, बाकी सगळ्यांचा कूलर. होळी झाली की कूलर स्लॅबवरून खाली उतरते, पॅड बदलायचे, मोटर पाहायची, खिडकीला स्टँड लावून बाहेरच्या अंगानं बसवायचा. कूलर खिडकीच्या बाहेर का बसवतात हे मी सातवीच्या पोरांना विज्ञानाच्या तासाला शिकवते, की त्याला बाहेरची कोरडी हवा पाहिजे, ती ओल्या पॅडमधून गेली की पाण्याची वाफ होते आणि हवा थंड होते, आणि आतली दमट हवा निघून जायला समोर दुसरी खिडकी नाहीतर दार उघडं पाहिजे. बंद खोलीत कूलर चालवला तर अर्ध्या तासात घामानं कपडे चिकटतात. आता खिडकीपासून दोन फुटावर फ्लेक्स ताणला आहे, तर कूलर हवा कुठून घेणार? भिंत आणि फ्लेक्स यांच्यामधल्या बोळीत जी तापलेली हवा कोंडलेली आहे तीच घेते, तीच आत फेकते. पारा 44-45 वर गेला तेव्हा आमच्या तिन्ही घरातले कूलर म्हणजे नुसता पाण्याचा खर्च होता, आणि पाणी तर चार दिवसाआड येत होतं. सिस्टरची रात्रपाळी असली की दिवसा झोपायचं कुठं हा प्रश्न, त्या शेवटी जिन्यात चटई टाकून झोपायच्या, मागच्या बाजूनं जरा वारा येते म्हणून.

काकाजींचं यावर म्हणणं, "मॅडम, ऊन त अडते ना? सावलीच झाली तुमाले." बात अगदीच खोटी नाही. भिंत पश्चिमेची आहे, दुपारी दोननंतर तिच्यावर हात ठेववत नाही, आणि पश्चिमेच्या भिंतीला सावली करावी हे कोणीही सांगेल. आमच्या इकडे लोक वेल चढवतात, तट्ट्या लावतात, हिरवी नेट बांधतात. पण नेटमधून वारा जाते. आणि सूर्य बुडाला की नेट गुंडाळता येते. विदर्भात उन्हाळ्याची झोप ही संध्याकाळनंतरच्या वाऱ्यावर असते, दिवसभर बंद ठेवलेल्या खिडक्या सातला उघडायच्या आणि घर मोकळं करायचं. आमच्याकडे नेमकं सातला होर्डिंगचे चार हॅलोजन लागतात. वारा अडलेला, वरून उजेड, आणि पाऊस पडला की त्या उजेडावर येणारे किडे, ते जाळीतूनही आत घुसतात, एक दिवस तर कणिक फेकावी लागली. माझा मुलगा आतून उलटी अक्षरं वाचायचा, पहिले प्लॉटची जाहिरात होती, मग नीटच्या क्लासची, मग एका भावी का काय त्यांच्या वाढदिवसाची. वाढदिवस होऊन गेला तरी दीड महिना ते हसत होते, अर्थात बाहेरच्यांकडे पाहून, आमच्याकडे पाठ.

तर माझं म्हणणं साधं आहे. ज्याच्या खिडकीवर जाहिरात येणार त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय ती लागू नये. मालकाची संमती तर लागतेच, पण आत राहणाराचीही लागली पाहिजे, तो किरायदार असला तरी. भिंत मालकाची आहे हे शंभर टक्के मान्य. पण किराया आम्ही कशाचा देतो? चार भिंती आणि स्लॅबचा नुसता किराया असता तर गोडाऊनमधे राहिलो असतो. खोली पाहायला गेलो तेव्हा काकाजींनीच खिडकी उघडून दाखवली होती, "हवा पाहा मॅडम, फॅन लावाचं काम नाही," असं म्हणून महिन्याचे 4000 सांगितले होते. ती हवा त्यांनी एकदा आम्हाला दिली आणि मग तीच हवा नागपूरच्या एजन्सीला दुसऱ्यांदा दिली, वर्षाचे 60 हजार घेऊन. एकच वावर दोघाले बटईनं दिल्यासारखं झालं हे. वावराच्या बाबतीत असं कोणी केलं तर गावात त्याची काय इज्जत राहते सांगा.

60 हजारावर मात्र मी थांबते, कारण काकाजींची बाजू मला दिसते आणि ती न सांगता लेख लिहिला तर बेइमानी होईल. काकाजी काही शेठ नाही. 12 एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर, बिल्डिंग बांधली ती मुलाच्या नोकरीच्या भरवशावर कर्ज काढून. 2024-25 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7521 रुपये क्विंटल होता. म्हणजे 60 हजार म्हणजे जवळपास 8 क्विंटल कापूस. कोरडवाहूत दोन एकर तरी धरा, आणि त्यातून बियाणं, निंदण, फवारणी, वेचणीची मजुरी वजा करा, मग बोंडअळी आली तर आली. इथं भिंतीवर काही न पेरता 8 क्विंटल येऊन राहिले, नाही कोण म्हणेल? मीही म्हटलं नसतं. म्हणून होर्डिंगच नको, जाहिरातच नको असं माझं म्हणणं नाही. ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरानं 2007 पासून रस्त्यावरची होर्डिंग सरसकट बंदच केली, ते मोठ्या शहराचं झालं, आमच्या काकाजींना त्यांचे 8 क्विंटल कोण देईल. माझं भांडण फक्त या गोष्टीशी आहे की 60 हजार येतात मालकाकडे आणि त्याची किंमत देतात वरचे तिघं, अंधारात, घामात, वाढलेल्या लाइट बिलात, आणि किराया तेवढाच्या तेवढा. आम्ही बोललो होतो, किराया 1000 नं कमी करा. काकाजी हसले. "तुमाले पटत नसन त खोली पाहून घ्या दुसरी."

हे वाक्य सगळीकडे ऐकू येते, शहरातही, आणि ऐकायला बरोबरही वाटते. पण आमच्या गावात किरायाच्या खोल्या किती? पक्क्या, संडास-बाथरूमच्या, पाण्याची टाकी असलेल्या, मोजून 10-12 निघतील, आणि त्या सगळ्या भरलेल्या. कर्मचाऱ्यानं मुख्यालयीच राहायला पाहिजे असा शासनाचा आग्रह, घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागतात की मॅडम इथंच राहतात. तालुक्याहून जाणं-येणं करायचं नाही, गावात दुसरी खोली नाही, मग सोडून जायचं कुठं? बाजारात दुसरं दुकान असते तेव्हाच 'दुसऱ्या दुकानात जा' म्हणता येते.

आता वाऱ्याची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त भीती वाटणारी आहे आणि ज्यावर गावात कोणीच बोलत नाही. मी गणितही शिकवते म्हणून एक दिवस फळ्यावर नाही तर घरच्या वहीवर करून पाहिलं. वाऱ्याचा दाब काढायचं इंजिनिअर लोकांचं सूत्र सोपं आहे, वेगाचा वर्ग गुणिले 0.6, वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, उत्तर दर चौरस मीटरला न्यूटनमधे येते. ताशी 100 किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर, म्हणजे चौरस मीटरला 463 न्यूटन, किलोत सांगायचं तर 47 किलोच्या आसपास जोर. आमच्या होर्डिंगचा स्लॅबच्या वर निघालेला भाग 40 बाय 10, म्हणजे 400 चौरस फूट, म्हणजे 37 चौरस मीटर. गुणाकार करा, साडेसतरा क्विंटल येते. मेटॅडोरभर कापूस आडवा होऊन स्लॅबवरच्या तीन फुटाच्या कठड्याला, म्हणजे पॅरापिटला, ढकलून राहिला असं समजा, आणि आमचं पॅरापिट चार इंची विटांचं आहे. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होते, कारण वर्ग आहे. बांधकामाच्या भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग 44 मीटर प्रति सेकंद धरलेला आहे, ताशी 158 किलोमीटर, म्हणजे त्या हिशोबानं त्याच 400 फुटावर 44 क्विंटल. फ्रेम ठोकणाऱ्या पोट्ट्यांनी हा हिशोब केला होता का? त्यांनी ड्रिल मारून बारा बोल्ट ठोकले आणि चहा पिऊन गेले, मी पाहिलं आहे.

घाटकोपरचं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, 13 मे 2024. पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, 17 माणसं गेली. मुंबईत जास्तीत जास्त 40 बाय 40 फुटाची परवानगी असते, ते होतं 120 बाय 120 चं, म्हणजे क्षेत्रफळात 9 पट. त्याच्या एक वर्ष आधी, एप्रिल 2023 ला पिंपरी-चिंचवडमधे किवळ्याजवळ 5 लोक गेले, वादळ आलं म्हणून होर्डिंगच्या आडोशाला उभे राहिले होते बिचारे. पुण्यात 2018 च्या ऑक्टोबरमधे तर होर्डिंग काढता काढता सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर पडलं, 4 मेले. हे सांगितलं की गावातले लोक म्हणतात, "ते मुंबई-पुण्याचं झालं, आपल्या इथं काय एवढं मोठं आहे." मोठं नाही, मान्य. पण मुंबईत निदान 40 बाय 40 ही रेघ तरी आखलेली होती, ती ओलांडली म्हणून बोंब मारता आली. आमच्याकडे रेघ कुठं आहे? होर्डिंगबद्दल राज्यानं 2022 ला नियम केले ते महानगरपालिकांसाठी. 2017 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर बेकायदा होर्डिंगविरुद्ध मोठा निकाल दिला, त्याची चर्चाही शहरापुरतीच झाली. गावात एजन्सीवाला येते, मालकाशी बोलते, पंचायतीतून एक नाहरकत आणते, झालं. ते नाहरकत आम्ही मागून पाहिलं. अर्ध्या पानावर आहे. त्यात जागा लिहिली आहे, साइज लिहिली नाही.

मे-जूनमधे आपल्याकडचं वादळ कसं असते, चार वाजेपर्यंत पान हालत नाही आणि मग पाच मिनिटात टिनं उडतात. बरोबर त्याच दिवसात खाली कृषी केंद्रापुढे लाइन असते, बियाण्याची. मृगाच्या आधी दोनशे माणूस एका दिवशी त्या भिंतीखाली उभा राहते, बाया-पोरं, बैलबंडी, मोटरसायकली, आणि पाऊस आला की सगळे शटरच्या आडोशाला, म्हणजे नेमके होर्डिंगखाली. म्हणजे हा तीन किरायदारांच्या कूलरचा प्रश्न राहत नाही. यंदा 20 मेच्या मागेपुढे एक वादळ झालं, दक्षिणेकडच्या कोपऱ्यातला अँगल सुटला आणि रात्रभर भिंतीवर आपटत राहिला, धाड, धाड, आम्ही तिन्ही घरं जागी. सकाळी काकाजी स्वतः वर चढून तार बांधून आले. 68 वर्षाचा माणूस, पॅरापिटवर उभं राहून. मला त्यांचा रागही आला आणि पोटात गोळाही आला.

कायद्याचं म्हणाल तर किरायदार अगदीच उघडा नाही, पण गावात त्याचा उपयोग करणं कठीण आहे. जुन्या लोकांना रेंट कंट्रोलर आठवत असेल, आपल्या विदर्भात 1949 चा सी.पी. अँड बेरारचा भाडे नियंत्रण आदेश होता, कंट्रोलरच्या परवानगीशिवाय मालकाला खोली खाली करायची नोटीससुद्धा देता येत नव्हती. मग 1999 चा महाराष्ट्राचा कायदा आला, त्यात करार लेखी आणि रजिस्टर करा म्हटलं आहे, पण तो ज्या गावांना लागू केला आहे त्यांनाच लागू. आमचा करार तोंडी. त्यातल्या त्यात 1882 चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे, कलम 108, की किराया देणाऱ्याला मुदतीत विनाअडथळा राहू द्यावं. छान आहे वाचायला. पण आठ बाय दहाच्या खोलीसाठी तालुक्याच्या कोर्टात काकाजींच्या विरुद्ध उभं राहायचं, आणि संध्याकाळी त्यांच्याच नळावर पाणी भरायचं, हे कोण करेल? त्यांच्या सूनबाई मला मुलीसारखं पाहतात, सणाला पुरणाची पोळी येते. गावातला किरायदार कोर्टात जात नाही याचं कारण अडाणीपणा नाही, एका जिन्यानं राहायचं असते.

म्हणून जागा ग्रामसभेची. आणि तिथं खरी गंमत आहे. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेले लोक. आमचं तिघांचंही नाव आपापल्या गावी, माझं भंडारा जिल्ह्यात. म्हणजे मी इथं राहते की नाही याचा ठराव ही ग्रामसभा करू शकते, पण मी इथं कशी राहते हे मला त्या ग्रामसभेत सांगता येत नाही. 1 मेच्या सभेला आम्ही अर्ज दिला होता, सचिवांनी घेतला, "मॅडम, तुमचं नाव यादीत नाही, विषय कोण मांडणार?" म्हणून बाजूला ठेवला. त्यांचंही नियमानं बरोबरच. बदलीवाल्या माणसाला गाव 'आपली मॅडम' म्हणते, चहा पाजते, पोरं हवाली करते, आणि त्याच्या खिडकीपुढे काय टांगायचं हे ठरवताना तो एकदम पाहुणा होते.

आमच्या इकडे भिंतीवर जाहिराती नव्या नाहीत हेही लिहायला पाहिजे. मी लहान होते तेव्हा हायवेवरच्या प्रत्येक गावात सिमेंट, बियाणं, दंतमंजन, कुटुंब नियोजन, सगळं भिंतीवर रंगवलेलं. मालकाला बहुतेक वेळा पैसे नाही, फुकट रंग लागला यातच तो खूश. पेंटर दोरीला खडू लावून रेघ मारायचा आणि अक्षरं बसवताना खिडकी आली की ती सोडून पुढे जायचा. एका बियाण्याच्या नावाचे दोन अक्षरं खिडकीच्या या बाजूला आणि दोन त्या बाजूला, मधातून एखादी आजी बाहेर पाहून राहिली आहे, असं मी स्वतः पाहिलं आहे. त्या पेंटरला कोणी नियम शिकवला नव्हता. फ्लेक्स मशीनमधून निघते, नागपूरला बसलेल्या माणसाला फक्त 40 बाय 20 माहीत आहे, खिडकी त्याच्या कॉम्प्युटरवर दिसत नाही. (फ्लेक्सचा एक उपयोग मात्र मानते, उतरला की सोयाबीनच्या गंजीवर टाकायला त्यासारखं काही नाही. काकाजींच्या गोठ्यावर मागच्या निवडणुकीतले तीन उमेदवार शेजारी शेजारी झोपले आहेत.)

आमचा नवीन अर्ज तयार आहे. त्यात लिहिलं आहे की पंचायतीनं नाहरकत देताना साइज लिहावी, इंजिनिअरचं सर्टिफिकेट मागावं, राहत्या खिडकीवर फ्लेक्स ताणायला त्या घरात राहणाऱ्याची सही घ्यावी, आणि आमच्या बिल्डिंगवरचं होर्डिंग खालचे 10 फूट कापून भिंतीच्या ज्या भागात खिडक्या नाहीत तिथं, म्हणजे जिन्याच्या बाजूला, लहान करून लावावं. जिन्याची भिंत 15 फूट रुंद आहे, तीही रस्त्यावरून दिसते. काकाजींना 60 ऐवजी 30 मिळतील कदाचित, त्यावर आम्ही तिघांनी मिळून महिन्याला 500 रुपये जास्त द्यायची तयारी दाखवली आहे, म्हणजे आमचीच हवा आम्ही परत विकत घेऊन राहिलो, हे मला कळते. सिस्टर या मुद्द्यावर माझ्याशी भांडल्या, त्यांचं म्हणणं एक रुपया द्यायचा नाही, आणि तत्त्वानं त्यांचंच बरोबर आहे, पण पुढचा मार्च लांब नाही.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत अर्ज आम्ही नाही वाचणार. खालचा कृषी केंद्रवाला भाऊ वाचणार आहे. त्याचं नाव यादीत आहे, आणि जूनची लाइन त्याच्याच शटरपुढे लागते. काकाजींनी त्याला विचारलं म्हणे, "तू काहून मधात पडतं?" त्यानं काय उत्तर दिलं ते मला नाही माहीत, पण दुसऱ्या दिवशी काकाजी टेप घेऊन जिन्याची भिंत मोजताना दिसले.